कर्ता कुठं आहे?

बसा. चहा नंतर होईल. आधी हे बाड माझ्या पुढ्यातून उचला.

परवा तुम्ही तिघं आलात, पाया पडलात आणि म्हणालात, "सर, यशोगाथा छापायला द्यायची आहे, फक्त शुद्धलेखन बघा." बघितलं. सबंध पुस्तिकेत ऱ्हस्व-दीर्घाच्या मिळून चार चुका निघाल्या. आश्रमशाळेत शिकलेली माझी पोरं इतकं निर्दोष लिहितात, याचा एरवी मला अभिमान वाटला असता. पण तिसऱ्या पानावरच्या एका वाक्याशी मी थांबलो. त्यानंतर लाल शाईने एकही वेलांटी सुधारावीशी वाटली नाही.

‘अहवाल वर्षात कार्यक्षेत्रामध्ये कुपोषणामुळे एकही बालमृत्यू झालेला नाही.’

कुणी लिहिलं हे? खाली बघू नका. एकाने लिहिलं, दुसरीने तपासलं आणि तिसरा ते बातमीत घालणार होता. आता शेवटचं पान उघडा. परिशिष्ट, बारीक टाइप. तिथे गेलेल्या मुलांची नोंद आहे आणि पुढे कारणं आहेत : न्यूमोनिया, अतिसार, जन्मतः कमी वजन, मुदतपूर्व प्रसूती. म्हणजे मुलं गेली. तिसऱ्या पानावर ती जिवंत आहेत आणि शेवटच्या पानावर मेलेली आहेत. मधली पानं कुणी वाचत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

"सर, डॉक्टरांनी दिलं तेच कारण लिहिलंय," असं तू फोनवर म्हणालीस. डॉक्टरांना मध्ये आणू नकोस. फुप्फुसात संसर्ग होता, त्यांनी न्यूमोनिया लिहिला, बरोबर लिहिला. खोट त्यांच्या शब्दात नाही, तुमच्या ‘मुळे’त आहे. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेलं मूल तू रोज बघतेस. टेपवर तिथे लाल पट्टी असते. त्या मुलाला साधा खोकला झेपत नाही. धडधाकट मूल आठवडाभर कण्हतं आणि पुन्हा अंगणात पळायला लागतं, हे मूल तिसऱ्या रात्री जातं. पाच वर्षांखालच्या मुलांचे जेवढे मृत्यू होतात, त्यांतल्या जवळपास निम्म्यांशी अपपोषणाचा संबंध असतो, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे. मी हे वाचून शिकलो. तू टेप हातात धरून शिकलीस. तरी त्या वाक्याखाली तुझी सही आहे, म्हणून तुझा अपराध जास्त.

आणि ते ‘सॅम’ आणि ‘मॅम’, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषण. गावातल्या बाईला तुम्ही सांगता, "तुझं बाळ सॅममध्ये आहे." तिला वाटतं, कुठल्यातरी योजनेत नाव लागलं. ‘तुझं बाळ उपाशी आहे, त्याच्या जिवाला धोका आहे,’ असं एकदा तिच्या भाषेत म्हणून बघ. मग तिच्याशी नजर मिळवावी लागते. पुढे काय करणार तेही सांगावं लागतं.

वाक्य शब्दशः खरं आहे, हे मला ऐकवू नका. शब्दशः खरं बोलून माणसाला नागवण्याची विद्या जव्हारला नवी नाही. ती तर मीच तुम्हाला शिकवली.

जयबा मुकणेची गोष्ट आठवते? आठवणारच. जुन्या ठाणे गॅझेटिअरमध्येही ती नोंदली आहे. जव्हार तेव्हा एका वारली सरदाराकडे होतं. जयबाने त्याच्याकडे जागा मागितली, फार नाही, बैलाच्या कातड्याएवढी. सरदार हो म्हणाला. एवढीशी जागा मागणाऱ्याला नाही कोण म्हणेल? मग जयबाने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडली आणि त्या दोरीने सरदाराच्या ठाण्यालाच वेढा घातला. सरदाराला गंभीरगडाकडचा मुलूख देऊन वाटेला लावलं, असा त्या दंतकथेचा शेवट आहे. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने या मुकणे घराण्याला मान्यता दिली आणि पुढे १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत संस्थान टिकलं. ही गोष्ट दंतकथा आहे, इतिहास म्हणून मी ती छातीठोकपणे सांगणार नाही. माझा मुद्दा ती कशी सांगितली जाते, हा आहे.

मी ती ‘चातुर्याची गोष्ट’ म्हणून सांगत आलो. किती वर्षं, याचा हिशेब आता नको वाटतो. वाद्या जोडण्याचा प्रसंग आला की वर्ग हसायचा. मागच्या बाकांवर वारल्यांची पोरं असायची, तीही हसायची. मी एकदाही फळ्यासमोर थांबून विचारलं नाही की, पोरांनो, यात शब्द कुणी मोडला? कुणीच नाही. जयबा खोटं बोलला नाही. पण ‘कातड्याएवढी’ या शब्दाचा ऐकणाऱ्याच्या मनातला अर्थ बोलणाऱ्याला पक्का माहीत होता, आणि बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ ऐकणाऱ्याला माहीत नव्हता. फसवणूक म्हणजे हेच. ते मी तुम्हाला हुशारी म्हणून शिकवलं, आणि शिक्षक म्हणून माझी यापेक्षा मोठी चूक मला आठवत नाही. आज कातडं आणि सुरी तुमच्या हातात बघतो आहे, म्हणून माझा आवाज चढला आहे.

या डोंगरात शब्दांनी माणसं बांधल्याचं आणखी ऐका. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फेडायला नवरा-बायकोने त्याच्या शेतावर आयुष्यभर राबायचं, अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. किती प्रेमळ शब्द! ऐकलं तर वाटेल, वरातीतला कुणी सोबती. गोदावरी परुळेकरांनी १९४५ मध्ये तलासरी-डहाणूकडे वारल्यांचा लढा उभा केला तो याच्याचविरुद्ध. वेठ आणि लग्नगडी बंद करा, ही त्यांची मागणी होती. शब्दाच्या आत काय आहे ते बाईंनी उघड्यावर आणलं. वेठबिगारीविरुद्ध कायदा व्हायला १९७६ उजाडलं. आणि २०२१ मध्ये, आपल्याच मोखाडा तालुक्यात, मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या ५०० रुपयांपायी राबवून घेतलं जात होतं अशा एका माणसाने गळफास घेतल्याची तक्रार झाली आणि त्याच १९७६ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. पाचशे रुपये. तुमच्या पुस्तिकेत ‘वेठबिगारी’ शब्द शोधला. नाही. ‘हंगामी स्थलांतर’ आहे. दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. बयाणा आधी घेतलेला असतो, म्हणजे जायचं की नाही हा प्रश्नच उरलेला नसतो. माणसं स्वतः काय म्हणतात? ‘जगायला चाललो’ म्हणतात. हा शब्द ऐकला की गावात राहून जगता येत नाही, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. ‘स्थलांतर’ म्हटलं की पक्षीसुद्धा डोळ्यांपुढे येतात. लोकांचा खरा शब्द हाताशी असताना तुम्ही हा गुळगुळीत शब्द का उचलला, याचं उत्तर मला हवं आहे.

१९९२ मध्ये तुमच्यातल्या कुणाचा जन्म झाला नव्हता. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून जास्त मुलं गेली. त्यानंतर या घाटात गाड्यांची रांग लागली. हे भूकबळी, की कुपोषण, की नुसता आजार, यावर वाद घालायला मोठमोठी माणसं आली. मुलाला काय म्हणून पुरायचं, याचा जणू तो वाद होता. पुढे १९९५ मध्ये ‘नवसंजीवनी’ आली, वीस वर्षांनी ‘अमृत आहार’ आला. या योजना वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं मुलाच्या पोटात जात असेल तर त्याला मी हात जोडेन. पण ताटात जे वाढलं जातं ते अंडं असतं, अमृत नसतं. नाव जेवढं मोठं, तेवढं ‘आज अंडं आलं का?’ हे विचारणं गावातल्या बाईला अवघड होतं. अमृताबद्दल तक्रार कशी करायची? अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाने दाखवून दिलं की सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्षात जाणारी मुलं कितीतरी जास्त असतात. ज्यांनी पाड्यापाड्यावर जाऊन मृत्यू मोजले त्यांनी ते शोधलं. नोंदवहीतला आकडा लहान असणं हे यश मानायचं की नोंदवहीचं अपयश, हे ठरवल्याशिवाय तुम्ही ‘यशोगाथा’ हा शब्द मुखपृष्ठावर घातलात कसा?

२०१६ चा सप्टेंबर तरी आठवत असेल. मोखाड्यातल्या खोच गावात मूल गेलं, मंत्री आले, आणि मुलांच्या मृत्यूंचा आकडा समोर ठेवल्यावर ‘मग काय झालं’ अशा अर्थाचं ते काही बोलल्याचं वर्तमानपत्रांत आलं. विपर्यास केला, असा खुलासाही आला. तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात. पेटून उठला होतात, निषेध केलात, आणि मला तुमचा अभिमान वाटला होता. आज तुमचंच वाक्य तुम्हाला वाचून दाखवतो : ‘बालमृत्यूंचे प्रमाण अपेक्षित मर्यादेत असून परिस्थिती नियंत्रणात आहे.’ सांगा मला, यात आणि त्यात फरक काय? कुणी उद्धटपणे बोललं की तुम्हाला राग येतो. तेच सभ्य भाषेत तुमच्या हातून लिहिलं जातं तेव्हा त्याला तुम्ही अहवाल म्हणता. ‘अपेक्षित मर्यादा’! किती मुलं जाणं अपेक्षित होतं? कुणाची? नावं लिहा.

आता व्याकरण. तुमच्यासाठी मी एवढंच करू शकतो.

पानागणिक ‘करण्यात आले’, ‘करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात आले’, ‘आढळून आले’. प्रत्येक ठिकाणी मी समासात पेन्सिलने एकच प्रश्न लिहिला आहे : कर्ता कुठं आहे? सातवीत तुम्हाला उभं करून विचारत होतो, तोच प्रश्न. ‘टँकर उशिरा पाठविण्यात आला.’ कुणी पाठवला? ‘पद रिक्त राहिले.’ पद आपोआप रिक्त राहत नाही, कुणीतरी ते भरत नाही. आणि गंमत नव्हे, दुःख याचं वाटतं की गावकऱ्यांबद्दलची वाक्यं आली की तुमचा कर्ता एकदम सापडतो. ‘पालक मुलाला दवाखान्यात आणत नाहीत.’ ‘माता भगताकडे जातात.’ ‘ग्रामस्थ बैठकीस उपस्थित राहत नाहीत.’ इथे कर्ता ठणठणीत, वाक्याच्या सुरुवातीलाच उभा. ज्याच्याकडे अधिकार आहे तो वाक्यातून बाहेर, ज्याच्याकडे काही नाही तो आरोपी म्हणून आत. भगताकडे जातात हे खोटं नाही, मी नाकारत नाही. पण आवणीच्या दिवसांत, ओढा भरलेला असताना, रात्री दोन वाजता भगत पाड्यावर असतो आणि दुसरं कुणी नसतं, हे अर्धं वाक्य तुम्ही कापून ठेवलंत.

तू टेबलावर बसतोस ना? मग हे तुझं. ‘सदर कालावधीत ग्रामपंचायतीकडून कामाची मागणी प्राप्त झाली नाही.’ रोजगार हमीचं २००५ च्या कायद्यातलं गणित तुला पाठ आहे. मजुराने नमुना ४ भरून काम मागायचं, त्याला तारखेची पोच द्यायची, पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता द्यायचा. सगळी गोम त्या पोचेत आहे. माणूस येतो, तोंडी काम मागतो, ‘बघू, पुढच्या आठवड्यात या’ म्हणून त्याला परत पाठवलं जातं. पोच नाही, म्हणजे तारीख नाही. तारीख नाही, म्हणजे पंधरा दिवस सुरूच होत नाहीत. आणि वर्षाच्या शेवटी अहवालात ‘मागणी नाही’. कागद नाही म्हणून माणूसच आला नव्हता, असं लिहायचं! तो कुठे गेला ते मघाशी सांगितलं. भट्टीवर, जगायला. त्याच्या रिकाम्या घराचा फोटो तू ‘स्थलांतरित कुटुंब’ म्हणून अकराव्या पानावर छापला आहेस.

पाण्याच्या पानावर मी फार थांबणार नाही, कारण तिथे संताप आवरत नाही. ‘निसर्गाच्या लहरीपणामुळे तालुक्यात पाणीटंचाई.’ अरे, शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे! मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला रोज ४५.५ कोटी लिटर पाणी मिळतं, २०१४ पासून. त्याच तालुक्यातली बाई मार्च-एप्रिलमध्ये झऱ्याच्या तळाशी वाटीने पाणी भरते. मुंबईकरांनी तहानेलं राहावं असं मी म्हणत नाही. पण जे उचलून नेलं जातं त्याला ‘टंचाई’ म्हणायचं आणि दोष पावसाला द्यायचा, हे माझ्या विद्यार्थ्याने लिहिलेलं मी खपवून घेणार नाही. नळजोडणीचंही तेच. योजनेच्या कागदावर माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी आहे. तुम्ही तोट्या मोजल्यात. पाणी मोजा.

‘दुर्गम’ हा शब्द तुम्ही सगळीकडे वापरला आहे. तो मी सगळीकडे खोडला आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, देश अमृतमहोत्सवाचे झेंडे लावत होता त्याच दिवसांत, बोटोशीच्या मर्कटवाडीत एका बाईची वेळेआधी प्रसूती झाली. रस्ता नाही, म्हणून तिला डोलीत घालून चिखलातून न्यावं लागलं. जुळी मुलं वाचली नाहीत. ‘दुर्गम भागातील दुर्दैवी घटना’ असं लिहिलं की दोष डोंगरावर जातो आणि उरलेला दैवावर. रस्ता झाला नव्हता, असं लिहा. मोखाड्याचं पाणी मुंबईला न्यायला वाट सापडते, तर मर्कटवाडीहून बाळंतिणीला न्यायला का सापडली नाही, एवढा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आला तरी तुमचं लिहिणं कामी आलं.

आणि तू, वार्ताहर. हसू नकोस, तुझी पाळी यायची होती. तुला वाटतं की तू या दोघांच्या विरुद्ध बाजूचा आहेस. तू गेल्या पावसाळ्यात बातमीला जो हाडकुळ्या मुलाचा फोटो लावलास, तो आपल्या तालुक्यातला नव्हताच, हे मला एका दहावीच्या मुलीने दाखवून दिलं. मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, "सर, परिस्थिती तशीच आहे ना?" परिस्थिती तशी आहे तर खरा फोटो काढायला चार किलोमीटर चालायचं होतं. तुझ्या त्या एका फोटोमुळे बातमीतलं सगळं खरं एका दिवसात खोटं ठरवता आलं. ज्यांना ते हवं होतं त्यांना तू आयतं दिलंस. शिवाय तुझे ते ‘भोळेभाबडे आदिवासी’. कुठले भोळे? बापाने साठ झाडांची नावं तुला सांगितली असतील, नागली-वरईचं बियाणं कुठल्या उतारावर टिकतं ते आईला कळतं. ‘भोळा’ म्हटलं की त्याच्या वतीने बोलायला दुसरा कुणीतरी लागतो. तो दुसरा तू व्हायला बघतोस. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरच्या माणसाला तुझ्या बातमीत ‘अतिक्रमणधारक’ म्हटलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं खुद्द संसदेने मान्य केलं आहे. संसदेने टाकलेला शब्द तू कुठून उचलून आणलास?

तुम्हाला नोकऱ्या आहेत, वर साहेब आहेत, हे मला कळतं. साहेबाला काय आवडेल ते लिहिल्याशिवाय बिल निघत नाही, हेही कळतं. मी तुम्हाला नोकरी सोडा म्हणत नाही. तुमच्यातल्या एकीच्या आईने तिला आश्रमशाळेत आणून सोडलं तेव्हा ती माझ्यासमोर म्हणाली होती की पोरीला कागद वाचता आला पाहिजे, आमच्या अंगठ्यावर फार जमिनी गेल्या. ती बाई आज असती आणि हे तिसरं पान तिला कुणी वाचून दाखवलं असतं, तर तिने विचारलं असतं की मग ती पोरं कशाने मेली. तिला काय सांगितलं असतंस? रडू नकोस. उत्तर शोध आणि ते पानावर लिही.

बाड घेऊन जा. तिसऱ्या पानावर परिशिष्ट आणा. गेलेल्या प्रत्येक मुलासमोर आजार लिहा, आणि त्याच ओळीत त्याचं शेवटचं वजन आणि दंडाचा घेर लिहा. तुमच्या रजिस्टरमध्ये दोन्ही आहेत. दवाखाना किती लांब होता, तो उघडा होता का, तेही लिहा. पोच न देता परत पाठवलेल्या मजुरांना शोधा आणि आता तरी पोच द्या. ‘करण्यात आले’ जिथे असेल तिथे कुणी केलं ते घाला. साहेबांनी खोडलं तर त्यांच्या पेनाने खोडू दे. तुम्ही खोडू नका.

सोमवारी सकाळी सातला मी घरी आहे. तिघंही या.